चुना कमी आहे

मखमलाबाद नाक्यावर, सायकलच्या दुकानावर
माझा एका खोलीचा क्लास.
पंखा तीनवरच फिरतो, फळा मधोमध फुगलाय,
खालून पंक्चरच्या सोल्यूशनचा वास
थेट आवर्तसारणीपर्यंत चढतो.
पाच ते साडेसहा. आठवी-नववी. अकरा मुलं.

संयुजा शिकवायला मी हात वापरते.
सोडियमला एक हात, ऑक्सिजनला दोन,
कार्बन म्हणजे गणपतीच, चार.
राजवायूंना हातच नाहीत.
"म्हणजे कोणाशी मारामारी नाही," मुदस्सर म्हणतो.
लग्नही नाही, मी म्हणते.
मग सगळे माझ्याकडे बघून एकदम गप्प.

परवा विस्थापन अभिक्रिया होती.
फळ्यावर शब्द लिहून होतोय तोच सम्यक पगारे:
"आजोबांचं गाव धरणात गेलं, ते विस्थापन का?"
शब्द तोच आहे, म्हटलं.
"मग तिथं कोणी कोणाची जागा घेतली?"
पाण्यानं, मागून कुणीतरी म्हणालं,
आणि मी स्वच्छ डस्टर उगाच झटकत राहिले.

चंचुपात्रात मोरचूद.
इतकं निळं, की पहिल्या बाकावरच्या गौरांगीनं
नकळत ओंजळ पुढे केली.
हात लावायचा नाही! मी दरडावलं.
दोऱ्याला बांधलेला खिळा आत सोडणार,
तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेला मोतीराम काकड,
नाव आजोबांचं, सहामाहीत वीसपैकी चार,
पाण्याच्या सूत्रातला दोन
अजूनही डोक्यावर लिहिणारा,
म्हणाला, "लाल होईल, मॅडम."
वाचून आलास?
"नाही. आमच्यात विळा बुडवून बघतात."

मग उभा राहिला, आणि थांबेचना.
छाटणी झाली, वर पाऊस लागून राहिला,
की डावणी यायच्या आत बोर्डो मारायचा.
एका ड्रमात मोरचूद, एकात कळीचा चुना,
ड्रम प्लॅस्टिकचेच, लोखंडाचा असला तर खाऊन टाकतं.
दोन्ही तिसऱ्यात ओतत असताना आई
विळ्याचं पातं आत धरते,
वर काढते, उन्हाकडे तिरपं करते.
तांबूस धरलं असेल तर ओरडते:
चुना कमी आहे!
नाहीतर कोवळी पानं जळतात.

चुना ऐकून दोघं फिसकन हसले.
मोतीराम हसला नाही.

मी खिळा वर काढला. लाल.
खरं तर सात वर्षं मी हेच करत होते,
अंबडच्या प्लेटिंग युनिटमध्ये,
लोखंडी कड्यांवर तांब्याचा थर,
मायक्रॉनमध्ये मोजायचा, रजिस्टरवर सही करायची.
युनिट गुजरातला गेलं, मी इथे आले.
त्या सात वर्षांत एकदाही
एकही कडं उन्हाकडे धरून बघितलं नाही.

लोखंड द्रावणात गेलं, तांबं बाहेर आलं,
समीकरण लिहिता लिहिता मी सांगत होते.
"मग विळा तेवढा झिजतो का?"
झिजतो. डोळ्यांना दिसणार नाही इतका.
"दर छाटणीला?"
दर वेळी बुडवला की.
तो वहीत मान घालून काहीतरी करत होता.
डोकावले तर समीकरण नव्हतंच.
विळा काढला होता, मुठीसकट, मुठीवरच्या तारेसकट,
आणि पात्याच्या पोटाशी बाण:
इथं पातळ.

शनिवारी चाचणी. मोतीरामला सात.
कॉपरमधला यू मोठा, सल्फेटचा चार पुन्हा डोक्यावर.
शेवटचा प्रश्न, द्रावणाचा निळा रंग फिका का होतो?
उत्तर: तांबं विळ्यावर गेलं म्हणून.

पुस्तकात खिळा आहे.
लाल पेन उघडं धरून मी बसले थोडा वेळ,
दोनपैकी दोन दिले,
आणि सातचे सव्वासात होतात का
हे बघायला पुन्हा पहिल्या पानावर गेले.